हळदीचे औषध आणि औषधातली हळद
(प्रस्तावना)

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात किंवा वसमतच्या बाजार समितीत हळदीची पारख होते ती हाताने, डोळ्याने आणि कानाने. जाणता खरेदीदार ढिगातली एक कांडी उचलतो आणि मोडतो. आवाज खणखणीत आला तर वाळवण नीट झाली. तुटलेल्या तोंडाचा रंग काठापासून गाभ्यापर्यंत सारखा दिसला तर शिजवण नीट झाली. कांडी मोडण्याआधी वाकली तर ओल राहिली आहे, आणि भाव तिथेच पडतो. या जुन्या पारखीच्या जोडीला अलीकडे एक नवा प्रश्न आला आहे: कुरकुमिन किती टक्के? हळदीतल्या या पिवळ्या द्रव्याचा अर्क काढणाऱ्या कारखान्यांना हा आकडा लागतो आणि त्यांनी तो विचारणे रास्तच आहे. पण व्यापारातले हे माप बघता बघता औषधी गुणाचेही माप होऊन बसले. पाकिटावर, जाहिरातीत, शेतकरी मेळाव्यातल्या भाषणात एकच समीकरण ऐकू येते, की कुरकुमिन जितके जास्त तितकी हळद जास्त औषधी. हे पुस्तक या समीकरणाच्या विरोधात लिहिले आहे. हळदीचे औषधीपण एका रेणूच्या टक्केवारीत मावत नाही. हळद कोणत्या रूपात दिली, शरीरात कोणत्या वाटेने गेली आणि किती मात्रेत गेली, यावर ते ठरते. जुन्या वैद्यकाने हे गृहीत धरले होते. आधुनिक औषधशास्त्राला ते पुष्कळ पैसा आणि वर्षे खर्ची घातल्यावर कळले. आपण मात्र दोघांचेही न ऐकता आकड्याच्या मागे लागलो आहोत.

हा विषय हिंगोलीतून मांडण्याला कारण आहे. परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी स्थापन झालेला हा जिल्हा आज महाराष्ट्राच्या हळद उत्पादनात आघाडीवर आहे. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगेच्या पाण्यावरच्या काळ्या जमिनीत गेल्या दोन-अडीच दशकांत हळदीने आपले बस्तान बसवले. वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव आणि हिंगोली या पाचही तालुक्यांत गादीवाफे आणि ठिबकच्या नळ्या दिसू लागल्या. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या आणि सांगलीच्या हळदीला ते आधीच मिळाले होते. वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहत आहे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटन झाले; त्याचे मुख्यालय आहे निजामाबादला, म्हणजे हिंगोलीच्या शेतकऱ्याला अनोळखी नसलेल्या बाजारात. इतके सगळे घडत असताना हळद पिकवणाऱ्याला ती कशी लावावी, कंदमाशी आणि कंदकुजीपासून कशी वाचवावी, कशी शिजवावी हे सांगणारे साहित्य मराठीत मिळते. ज्या औषधी गुणांच्या नावावर ती जगभर विकली जाते त्यांत खरे किती आणि फुगवलेले किती, हे सांगणारे साहित्य मात्र जवळपास नाही. आपल्या मालाविषयी दुसरा काय दावा करतो आहे हे पिकवणाऱ्याला कळलेच पाहिजे, असे मला वाटते.

आधी हळद म्हणजे नेमके काय हे ठरवून घ्यावे लागते, कारण गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. भावप्रकाश या आयुर्वेदिक ग्रंथात हरिद्रा, कर्पूरहरिद्रा, वनहरिद्रा आणि दारुहरिद्रा असे चार प्रकार येतात. पहिली आपली नेहमीची हळद. कर्पूरहरिद्रेला आपण बहुधा आंबेहळद म्हणतो, कारण तिच्या कंदाला कैरीचा वास येतो. वनहरिद्रा म्हणजे रानहळद. दारुहळद तर हळदीच्या कुळातलीही नाही. ते एका काटेरी झुडपाचे पिवळे लाकूड आहे आणि त्यातले कार्यकारी द्रव्य पूर्ण वेगळे आहे. काष्ठौषधीच्या दुकानात आंबेहळद मागितली की कधी एक कंद मिळतो, कधी दुसरा, आणि मुका मार लागल्यावर कोणता उगाळून लावायचा याविषयी गावागावांत मतभेद आहेत. 'हळदीने गुण आला' असे कोणी म्हटले की पहिला प्रश्न 'कोणत्या हळदीने?' हाच असला पाहिजे.

आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथांकडे वळले की दिसते, हळदीचे काम तिथे बारकाईने वाटून दिले आहे. चरकाच्या गणांत हरिद्रा लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न या गटांत येते. सुश्रुताने तिच्या नावाने हरिद्रादी गणच सांगितला. वाग्भटाने प्रमेहावरच्या द्रव्यांत हळद आणि आवळा या जोडीला अग्रस्थान दिले. त्यातूनच आजचे निशामलकी चूर्ण आले. अंगावर उठणाऱ्या पित्तावर हरिद्राखंड देतात, ज्यात हळद तूप, दूध आणि साखरेत शिजवलेली असते. या सगळ्यात सुटी हळद क्वचितच भेटते. ती आवळ्याबरोबर येते, तुपात परतून येते, क्षारासोबत येते, लेपात येते, धुरीत येते, आणि दर वेळी रोग वेगळा असतो. आयुर्वेदिक औषधिकोशाने चूर्णाची मात्राही १ ते ३ ग्रॅम अशी बांधून दिली आहे. युनानी हकिमांनी हळदीला आपल्या चौकटीत बसवले आणि निजामाच्या राज्यात, ज्यात १९४८ पर्यंत हिंगोलीही होती, युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. पश्चिम किनाऱ्यावर गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये छापलेल्या संवादांत हळदीला देशी केशर म्हणून जागा दिली. पुढे मुंबईत डायमॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, नंतर नाडकर्णींनी, इंग्रजीत औषधी वनस्पतींचे कोश रचले. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'वनौषधि गुणादर्श' आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'ओषधीसंग्रह' यांनी ही परंपरा सामान्य वाचकापर्यंत आणली. देसाई आधुनिक वैद्यक शिकलेले होते आणि देशी औषधांकडे आस्थेने पण डोळे उघडे ठेवून पाहत होते. ती दृष्टी पुढे मराठी लेखनात फारशी टिकली नाही याचे मला वाईट वाटते.

या ग्रंथांच्या शेजारी घरगुती वापराचा एक मोठा, न लिहिलेला प्रवाह आहे. मुरगळलेल्या पायावर हळद-चुन्याचा गरम लेप, कापलेल्या बोटावर दाबून धरलेली चिमूट, खोकल्यावर हळद-गुळाची गोळी, चोंदलेल्या नाकाला जळत्या हळकुंडाची धुरी. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे प्रत्येक घराने पाहिलेले आहे. अल्कलीच्या संगतीत कुरकुमिनचा रेणू बदलतो म्हणून रंग बदलतो. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या रीतीमागे हेच रसायन आहे. याचा एक अर्थ सहसा लक्षात घेतला जात नाही. चुन्याच्या लेपात जे द्रव्य त्वचेवर बसते ते कोरड्या हळदीतले द्रव्य जसेच्या तसे राहिलेले नसते. म्हणजे लेप, चूर्ण आणि दुधातली हळद ही एकाच औषधाची तीन पाकिटे नव्हेत. ती तीन वेगळी औषधे आहेत आणि त्यांची परीक्षाही वेगवेगळी व्हायला हवी.

प्रयोगशाळेचा पंथ याच्या नेमक्या उलट दिशेने गेला. १८१५ मध्ये फोगेल आणि पेल्तिए यांनी हळदीतले पिवळे द्रव्य वेगळे काढले, १९१० मध्ये त्याची रचना निश्चित झाली, १९४९ मध्ये त्याच्या जंतुनाशक गुणाची नोंद 'नेचर'मध्ये आली. भारतात १९७३ मध्ये श्रीमल आणि धवन यांनी कुरकुमिनचा सूज उतरवणारा गुण प्राण्यांवर दाखवला; १९८० मध्ये देवधरांनी संधिवातावर आणि १९८६ मध्ये सातोस्करांनी शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेवर माणसांत चाचण्या केल्या. ही कामे मोजकी आणि संयत होती. पुढे कर्करोग, मधुमेह, विस्मरण, नैराश्य अशा जवळजवळ प्रत्येक रोगाच्या पेशींवर कुरकुमिन ओतून पाहिले गेले आणि बहुतेक ठिकाणी काही ना काही परिणाम दिसला. इथेच संशय यायला हवा होता. काचेच्या बशीत कुरकुमिन अनेक प्रथिनांना जाऊन चिकटते, स्वतः चमकते आणि मोजणीच्या यंत्राला फसवते. रक्तासारख्या किंचित अल्कलीधर्मी माध्यमात ते थोड्याच वेळात विघटित होते. तोंडाने घेतले तर आतड्यातून रक्तात जवळपास पोहोचतच नाही. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी २ ग्रॅम कुरकुमिनसोबत मिरीतले २० मिलिग्रॅम पिपेरिन दिले तेव्हा रक्तातले प्रमाण वीसपट झाले. बातमी जगभर गाजली, पण आधीचे प्रमाण किती नगण्य होते हे बातमीत आले नाही. २०१७ मध्ये औषधरसायनाच्या एका प्रमुख नियतकालिकाने १२० हून अधिक मानवी चाचण्यांचा हिशेब मांडला आणि प्लासिबोशी तुलना करणाऱ्या दुहेरी-अंध चाचण्यांत कुरकुमिन कुठेही निर्णायक यशस्वी झालेले नाही, असा निष्कर्ष काढला. मधल्या काळात अमेरिकेतल्या एका नामवंत कर्करोग संस्थेतून निघालेले कुरकुमिनवरचे अनेक शोधनिबंध मागे घ्यावे लागले. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याची किंमत विज्ञानालाही मोजावी लागते.

सत्त्व काढण्याची ही वाट मुळातच चुकीची आहे, असे मात्र म्हणता येत नाही. पुदिन्याचे उदाहरण समोर आहे. जपानी पुदिन्याच्या तेलात सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत मेंथॉल असते. तेल थंड केले की त्याचे लांब, पारदर्शक स्फटिक तळाशी बसतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जगाचे बहुतांश मेंथॉल जपानमधून येई. आज ते भारतातून, मुख्यतः उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीच्या परिसरातून जाते, आणि त्याच्या तेलाचे वायदे मुंबईच्या एमसीएक्स बाजारात होतात. काष्ठौषधीच्या दुकानातून पुदिन्याची फुले (म्हणजे हेच मेंथॉल), ओव्याची फुले आणि कापूर समभाग घेऊन एका बाटलीत घातले आणि हलवले, तर पाण्याचा थेंबही न टाकता तिन्ही कोरडी द्रव्ये काही मिनिटांत पाण्यासारखी वितळतात. हीच अमृतधारा. लोक तिला प्राचीन समजतात; प्रत्यक्षात त्या नावाचे औषध लाहोरच्या एका वैद्याने १९०१ मध्ये बाजारात आणले, आणि 'लक्ष्मणधारा' हे नाव त्याच्याशी फार मिळते की नाही हा वाद १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. मुंबईत १८९३ मध्ये सुरू झालेले अमृतांजन याच घराण्यातले. व्हिक्सच्या भारतीय डबीवरही मेंथॉल 'पुदिन्याची फुले' म्हणून येते आणि ती आयुर्वेदिक औषध म्हणून विकली जाते. मेंथॉल का चालते याचा उलगडा २००२ मध्ये झाला. गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर एक विशिष्ट ग्राही असतो आणि मेंथॉल तोच उघडतो. त्वचा गार होत नाही, मेंदूला गार वाटते. या शोधातले डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे नोबेल मिळाले. म्हणजे पुदिन्यात एक रेणू, त्याचे एक कुलूप आणि ते कुलूप त्वचेवर, नाकात, जिभेवर, जिथे औषध लावतो तिथेच. रक्तात पोहोचण्याची गरजच नाही. पुदिन्याचे यश हळदीवर चढवायला निघालेल्यांनी हा फरक पाहिला नाही. हळदीत दोन ते पाच टक्के कुरकुमिन, उडनशील तेले वेगळी, स्टार्च वेगळा, आणि तिचे ठरलेले असे एक कुलूप अजून कोणी दाखवलेले नाही.

मग हळदीतून काय उरते? माझे उत्तर असे, की जिथे रूप आणि वाट यांचा विचार झाला तिथे बरेच काही उरते. भगंदरावरचे क्षारसूत्र घ्या. बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा प्रचारात आणले. शस्त्रक्रियेच्या दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे अकरा लेप, मग चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे सात, आणि शेवटी चीक आणि हळद यांचे तीन. प्रत्येक लेप वाळल्यावरच पुढचा. असा एकवीस थरांचा दोरा भगंदराच्या मार्गात ओवतात आणि ठराविक दिवसांनी बदलतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने याची शस्त्रक्रियेशी तुलना करून १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. क्षारसूत्राने बरे व्हायला आठ आठवडे लागले आणि शस्त्रक्रियेने चार, पण रोग उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के तर शस्त्रक्रियेत ११ टक्के होते. या यशात हळदीचा वाटा किती हे त्या चाचणीने वेगळे काढलेले नाही, आणि कापण्याचे मुख्य काम क्षाराचे आहे हे उघड आहे. तरी पारंपरिक औषध त्याच्या मूळ रूपात, मूळ जागी तपासता येते आणि तपासावे, याचा हा उत्तम नमुना आहे. दुसरे उदाहरण थायलंडचे. २०१४ मध्ये गुडघ्याच्या झिजेच्या ३६७ रुग्णांवर हळदीचा अर्क आणि आयबुप्रोफेन यांची चार आठवडे तुलना झाली. दुखणे कमी करण्यात अर्क मागे पडला नाही आणि पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. प्लासिबोचा गट नव्हता ही त्यातली उणीव आहे. शिवाय तो दिवसाला दीड ग्रॅम अर्क होता, भाजीतली हळद नव्हे. रोज दोन ग्रॅम हळद पोटात गेली आणि तिच्यात तीन टक्के कुरकुमिन धरले, तर हिशेब साठ मिलिग्रॅमवर थांबतो.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला परंपरेच्या बाजूने: हजारो वर्षांचा वापर हाच पुरावा, चाचण्या कशाला? शिवाय अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानेही तो मानला ना? मिसिसिपी विद्यापीठाला मार्च १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिले, संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंतचे दाखले दिले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. यातून पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला. ही लढाई अभिमानाचीच आहे. पण तिथे सिद्ध झाले ते इतकेच, की हा वापर नवा नाही. तो गुणकारी आहे की नाही हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच. जुनेपणा म्हणजे गुण नव्हे. परंपरेने चांगल्या औषधांबरोबर निरुपयोगी आणि घातक समजुतीही जपल्या आहेत, आणि त्यांतून निवड करणे हे परंपरेवर प्रेम करणाऱ्याचेच काम आहे. दुसरा आक्षेप विज्ञानाच्या बाजूने: कुरकुमिन अपयशी ठरल्यावर 'संपूर्ण हळद वेगळी' असे म्हणणे ही पळवाट नाही का? प्रत्येक अपयशानंतर रूप बदलून सुटका करून घेता येईल. हा आक्षेप मला अधिक टोचतो. त्याचे उत्तर असे, की रूपाचा आग्रह दावा सैल करत नाही, उलट आवळतो. 'हळद सुजेवर चांगली' हे वाक्य खोडून काढता येत नाही. 'अमुक पद्धतीने केलेला हळद-चुन्याचा लेप मुरगळलेल्या घोट्यावर अमुक दिवस लावला तर सूज साध्या पट्टीपेक्षा लवकर उतरते' हे खोडता येते, आणि म्हणूनच ते शास्त्रात बसते. ही चाचणी जिल्हा रुग्णालयातही होऊ शकते, तिला महाग यंत्रे लागत नाहीत.

हे सगळे आजच सांगण्याची निकड आहे. हळदीच्या गोळ्या आता औषधाच्या चिठ्ठीशिवाय सर्वत्र मिळतात, अनेकींत पिपेरिन मिसळलेले असते, आणि पिपेरिन कुरकुमिनबरोबर इतर औषधांचेही रक्तातले प्रमाण बदलते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला ते जोखमीचे ठरू शकते. इटलीत २०१९ मध्ये हळदीची पूरक उत्पादने घेणाऱ्यांत यकृतदाहाची प्रकरणे समोर आली. स्वयंपाकातल्या हळदीने असे होत नाही; अर्क एकवटला की गुणाबरोबर धोकाही एकवटतो. दुसरीकडे भेसळ आहे. बांगलादेशात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले, की हळद झळाळती दिसावी म्हणून तिला शिशाचे क्रोमेट चोळले जात होते आणि ते शिसे माणसांच्या रक्तात सापडत होते. पिवळ्याजर्द रंगाला भाव देणाऱ्या प्रत्येक बाजाराला हा धोका आहे. ज्या जिल्ह्याने मानांकन मिळवले त्याने शिशाच्या तपासणीचा दाखला टक्केवारीच्या दाखल्याआधी मागावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुस्तकाचा प्रयत्न या पार्श्वभूमीवर पाहावा. हळदीच्या प्रत्येक वापरापुढे ते तीन गोष्टी विचारते: जुन्या ग्रंथांत किंवा घराघरांत तो नेमक्या कोणत्या रूपात आहे, त्या रूपावर माणसांत काही तपासले गेले आहे का, आणि नसेल तर काय तपासता येईल. शेतीचा भाग यात आला आहे तो औषधाच्या संदर्भात. सेलम वाण किती शिजवला की रंगद्रव्य घटते, वाळवणीत ओल राहिली तर कोणती बुरशी धरते, पॉलिशच्या ड्रममध्ये कंदाची साल किती जाते, या गोष्टी औषधाची प्रत ठरवतात, म्हणून शेतकरी हा औषधनिर्मितीतला पहिला माणूस आहे असे हे पुस्तक मानते. रोगवार उपचारांची यादी यात नाही. 'पी हळद आणि हो गोरी' अशा अपेक्षेने उघडणाऱ्याची निराशा होईल.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. चालू असलेले कोणतेही औषध या पुस्तकाच्या भरवशावर बंद करू नये, आणि हळदीच्या गोळ्या घेत असाल तर ते आपल्या डॉक्टरांना सांगावे. दुसरी विनंती हिंगोली, परभणी, नांदेडच्या वैद्यांना, सुईणींना आणि हळद पिकवणाऱ्या घरांना आहे. तुमच्याकडे हळदीचा जो वापर चालत आला आहे तो लिहून काढा. कोणता कंद, ओला की वाळलेला, शिजवलेला की कच्चा, कशात कालवलेला, किती आणि किती दिवस, आणि गुण आला नाही तेव्हा काय झाले, हे सगळे त्यात असू द्या. गुण न आल्याच्या नोंदी विशेष हव्या आहेत, कारण त्या आजवर कोणी ठेवलेल्या नाहीत.